वासोट्याची पाण्याखालची वाट

वासोट्यावर लिहिलेलं बहुतेक सगळं बामणोलीच्या धक्क्यावर सुरू होतं. लाँच सुटते, तास-दीड तास शिवसागराचं पाणी कापत जाते, मेट इंदवलीला टेकते आणि तिथून चढण लागते. आमच्या घरातल्या गोष्टींत मात्र गडाच्या वाटेवर एवढं पाणी कधीच नव्हतं. आजीची वाट उंबऱ्यातून निघायची, भातखाचरांच्या बांधावरून नदीला उतरायची. उन्हाळा असला तर कोयनेच्या गुडघाभर पाण्यातून पलीकडं जायची, आणि पावसाळा असला तर निघायचीच नाही. पलीकडच्या काठाला मेट, मेटाच्या वर रान, रानाच्या वर गड. आणि गड बाजूला ठेवून रानातून तसंच पुढं गेलं की नागेश्वर.

ही वाट आजी सांगायची ती पनवेलच्या बाजूच्या आमच्या पुनर्वसनाच्या वसाहतीत, पत्र्याच्या घराच्या ओट्यावर बसून. समोर कोयना नव्हती, डोंगर नव्हता. हातानं हवेत दिशा दाखवत ती सांगे, आणि आम्ही पोरं त्या हाताकडं बघत राहायचो. मुंबईच्या दाणाबंदरात पोती वाहून आलेले आबा मधेच तिला दुरुस्त करत. "नदीपाशी जांभूळ न्हवतं, उंबर व्हतं." मग जांभूळ की उंबर यावरून दोघांचं लागायचं. ते झाड ज्या मातीत उभं होतं ती माती तेव्हाही कित्येक वर्षं पाण्याखाली होती.

यंदा चैत्रात सगळी भावंडं, त्यांची पोरं आणि थोरली आत्या असे आम्ही त्या बाजूला गेलो. आत्या गाव सोडलं तेव्हा परकरी पोर होती. आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. "गड तुमी बघा, मला नागेसराला जायचं हाय," हे तिनं घरातून निघतानाच सांगितलं होतं. तिला चढवेल की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. तिनं त्या चर्चेकडं लक्ष दिलं नाही.

चैत्रात धरणाचं पाणी उतरलेलं असतं. काठाला तांबड्या मातीच्या पायऱ्या-पायऱ्या उघड्या पडतात, आणि झाडी जिथं संपते तिथून खाली एक बोडका पट्टा सगळ्या जलाशयाभोवती फिरतो. लाँच त्या पट्ट्याच्या कडेकडेनं चालली होती. आत्या नाळेपाशी बसली होती. बराच वेळ ती बोलली नाही. मग एका सोंडेकडं बोट करून म्हणाली, "ही आपल्या खळ्यावरची सोंड. हिच्या खाली चला, हिच्या खाली." लाँचवाल्यानं काही न विचारता लाँच तिकडं वळवली. तिथं पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. आत्यानं ओंजळीत पाणी घेतलं, सोडलं, आणि आमच्या पोरांना सांगायला लागली की घरातून निघताना आजीनं चूल विझवली नव्हती. देव टोपलीत घेतले, दळण घेतलं, जातं मात्र जड म्हणून मागं राहिलं. चूल विझवून घर सोडायचं नसतं, एवढंच आजीचं म्हणणं होतं.

कोयना ही नदीच वेगळ्या चालीची. महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या रांगेला समांतर दक्षिणेकडं वाहते, हेळवाकाजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्या त्या दक्षिणेकडच्या धावेत दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे अरुंद, लांबलचक खोरं. धरण बांधायला याहून सोयीची जागा सापडणं अवघड. 1954 मध्ये काम सुरू झालं, 103 मीटर उंचीची भिंत उभी राहिली, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढत चढत तापोळ्यापर्यंत गेलं. आज त्यात 105 टीएमसी पाणी मावतं. बोगद्यातून त्यातलं बरंचसं पश्चिमेला पोफळीकडं सोडलं जातं, आणि सगळ्या प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता 1,960 मेगावॉट आहे. महाराष्ट्राचे कारखाने आणि दिवे या खोऱ्यानं चालवले. ही वीज लागत होती हे मला मान्य आहे. पण ज्यांनी जमीन दिली त्यांतल्या अनेकांच्या पदरात हक्काची जमीन पडायला पिढ्या गेल्या, आणि रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर असं खोरं जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलं. एका आळीतली घरं पुन्हा एका आळीत आली नाहीत.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर कोसळलं, माणसं झोपेतच गाडली गेली. जलाशयाच्या पाण्याच्या भारानं आणि जमिनीत मुरलेल्या पाण्याच्या दाबानं भूकंप कसा घडतो, याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण म्हणून आज कोयनेकडं पाहतात. आजीकडं त्याचं कारण आधीपासून तयार होतं. नागेश्वराची वाट बुडवली, आता देव हलणारच. मी मोठा होऊन भूगर्भशास्त्राचं थोडं वाचलं तेव्हा मला आजीच्या कारणात आणि शास्त्रज्ञांच्या कारणात एक गोष्ट सारखी दिसली. दोघांनीही बोट पाण्याकडंच दाखवलं होतं.

मेट इंदवलीला वनखात्याच्या चौकीवर पिशव्या उघडून प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजल्या, नोंदवल्या. परत येताना तेवढ्याच दाखवायच्या. हे चांगलं आहे. कोयना अभयारण्य 1985 चं, 2010 पासून ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. चौकीच्या पलीकडं रानात शिरलं की घरांची जोती दिसतात. पाण्यानं नाही बुडाली, पण माणसांविना रान झाली. जोत्यांमधून उगवलेली झाडं आता कवेत मावत नाहीत. एका जोत्यापाशी फणस होता. फणस रानात आपोआपही उगवतो, पण हा दाराशी लावलेला होता हे त्याच्या जागेवरूनच कळत होतं.

गडाच्या पायथ्याशी मेटं असत, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या, आणि त्या चौक्यांवरची माणसं आसपासच्या गावांतलीच. गडाचा इतिहास लिहिताना किल्लेदार येतात, वेढा घालणारे सरदार येतात. गडावर पाणी, सरपण, नाचणी कुणी चढवली हे क्वचित येतं. आबा सांगत की आपली माणसं गडाची चाकरी करायची, बदल्यात डोंगराच्या पदरातली जमीन कसायची. कागद नाही. जांभूळ की उंबर यावरून भांडणारे आबा या बाबतीत मात्र ठाम असत.

ओढ्याकाठच्या गणपती-मारुतीला नमस्कार करून चढायला लागलो. दाट सावलीचं रान, पायाखाली वाळलेला पाला, अंजनीला निळ्या फुलांचे गुच्छ थेट खोडाला लगटून आलेले. वर कुठंतरी शेकरू ओरडत होतं. पोरं पुढं, आत्या मागं, तिच्याबरोबर मी आणि एक भाचा. दर थोड्या वेळानं ती एखाद्या दगडावर बसे, आणि बसली की एखादी गोष्ट निघे. आमचा वेग तिच्या दमानुसार नव्हे, गोष्टींच्या लांबीनुसार ठरत होता.

आबांची आवडती गोष्ट गोऱ्या कैद्याची. गडावर गोरा साहेब कोंडला होता, त्याला नाचणीची भाकर घशाखाली उतरेना, मग खालच्या गावातून त्याच्यासाठी ताक जायचं, आणि सुटून जाताना त्यानं ताक देणारीला एक चांदीचं बटण दिलं. लहानपणी मला ही शुद्ध कल्पना वाटे. पुढं वाचलं तेव्हा गोरा कैदी खरा निघाला, इतका खरा की एकाच्या जागी दोनदा. 1660 मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ घेऊन त्याच्या मदतीला गेले. ते शिवाजी महाराजांनी लक्षात ठेवलं. 1661 मध्ये राजापूर मारलं आणि ते इंग्रज पकडून डोंगरी किल्ल्यांवर ठेवले, त्यांत वासोटाही होता. 1663 मध्ये ते सुटले. त्यानंतर दीडशे वर्षांनी, 1817 च्या नोव्हेंबरात, हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी हैदराबादेकडून पुण्याला येताना उरुळीजवळ दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या लोकांनी पकडले. शेवटी त्यांनाही वासोट्यावरच आणलं. आबांची गोष्ट यांतल्या कुणाची? बहुधा दोन्हींची. खोऱ्यानं दोन कैदी एकात मिसळले, साल टाकून दिलं आणि ताक तेवढं ठेवलं. ज्या रानातून चोरवाटेनंही पळता येत नाही तिथं माणूस कोंडायचा, हे दोन्ही वेळा राज्यकर्त्यांना कळलं होतं. कैद्याला खायला कुणी घातलं हे मात्र खालच्या गावांनीच लक्षात ठेवलं.

दोन फाटे फुटतात तिथं आत्या थांबली. ती आणि भाचा सरळ नागेश्वराची वाट धरणार, आम्ही गड पाहून त्यांना गाठणार असं ठरलं. परवानगी आधीच काढून पहाटे निघालो होतो म्हणून हे जमत होतं.

गडाबद्दल थोडक्यात. बांधकामाचं श्रेय शिलाहारांच्या दुसऱ्या भोजाला देतात. जावळी 1656 मध्ये घेतली तरी वासोटा लगेच हाती आला नाही, तो आला 1660 मध्ये, महाराज स्वतः पन्हाळ्यावर अडकलेले असताना. त्याचं व्याघ्रगड हे नाव महाराजांचं. मोडके दरवाजे ओलांडून वर गेलं की बिनछपराचा मारुती, पुढं वाड्याची जोती, चुन्याचा घाणा, पाण्याची टाकी, महादेवाचं देऊळ. काळकाईच्या ठाण्यावरून पश्चिमेला रसाळ, सुमार, महिपत हे तिन्ही गड एका ओळीत दिसतात. उलट टोकाला बाबूकडा. तिथं पोहोचल्यावर आमची सगळी पोरं एकदम गप्प झाली. कडा अर्धवर्तुळात आत वळून सरळ खाली गेला आहे, पलीकडं जुना वासोटा, आणि मधल्या दरीचा तळ झाडीत बुडालेला. 1818 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी तोफा चढवल्या त्या त्या समोरच्या जुन्या वासोट्यावर. साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबातली काही मंडळी तेव्हा या गडावर होती, हंटर-मॉरिसन होते. तोफांचा मारा सोसून किल्ला फार टिकला नाही. जो गड खालून कुणाला घेता येत नव्हता तो शेजारच्या डोंगरावरून घेतला गेला. त्या दिवशी जुन्या वासोट्यावर जड तोफा ओढून नेणारे खांदे कुणाचे होते, हा प्रश्न मला तिथं उभं असताना फार जाणवला.

पण या गडावरची सगळ्यात मोठी लढाई इंग्रजांची नव्हे, त्याआधीची, ताई तेलिणीची. परशुराम श्रीनिवास पंतप्रतिनिधी बाजीरावाशी बिघडल्यावर कैदेत पडले, ते ताईनं सोडवले. पुढं 1806 च्या सुमारास बापू गोखल्यांशी झालेल्या लढाईत पंत जखमी होऊन पकडले गेले, हात गमावून थोटे पंत झाले. ताई मात्र वासोट्यावर गेली आणि आठ महिने गड लढवला. समोर कोण, तर मराठी राज्याचा शेवटचा नावाजलेला सेनापती. तिच्या नावाची दोन ओळींची चटकदार कवनं महाराष्ट्रभर म्हटली जातात. तिला हसून सोडून देणारी माणसं मला आवडत नाहीत. आठ महिने गड लढवायला लागणारा शहाणपणा त्या हसण्यात हरवतो. ग्रँट डफ साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी होता, वेढ्यानंतर जेमतेम बारा-पंधरा वर्षांनी. वेढा पाहिलेली माणसं त्याच्या आजूबाजूला होती. 1826 मध्ये छापलेल्या आपल्या इतिहासात तो लिहितो की धान्याचं कोठार अपघातानं जळालं म्हणून तिला गड सोडावा लागला.

आजीला अपघात मान्य नव्हता. कोठार घरभेद्यानं पेटवलं, असं ती सांगे, आणि पेटल्यानंतरही गड लगेच पडला नाही, कारण खालच्या बायांनी रात्रीची नाचणी वर चढवली. तीही नागेश्वराच्या बाजूनं, कारण वेढा पुढच्या वाटेला होता. याला पुरावा नाही. पण गडावरच्या दाण्याचा हिशेब बायकांच्या गोष्टीत यावा आणि तोफांचा यावा दफ्तरात, हे मला स्वाभाविक वाटतं.

गडावरून उतरून फाट्याला लागलो आणि नागेश्वराकडं वळलो. ही वाट मधून मधून रानाबाहेर येते आणि थेट कोकणाच्या काठावरून चालते. डावीकडं घाटमाथ्याचं हिरवं रान, उजवीकडं एकदम खोल चोरवण्याचं खोरं. शेवटची चढण उघडी आहे, कठड्यांना धरून पायऱ्या चढायच्या. आत्या आमच्या आधी पोहोचली होती. गुहेच्या तोंडाशी चपला काढून बसली होती, चेहरा घामानं भिजलेला.

नागेश्वराची गुहा कुणी खोदलेली नाही. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झाला. काही थर कठीण, काही ठिसूळ. पाणी भेगांतून झिरपत ठिसूळ थराला गाठतं, तो झिजत जातो, आणि वरचा कठीण थर छपरासारखा राहतो. अजिंठा-वेरूळचं लेणं माणसानं मोजून-मापून कोरलं, इथं मोजमाप पाण्याचं. ते पाणी अजून काम करतं आहे. छतातून थेंब थेंब पिंडीवर पडतो, चैत्रातसुद्धा.

आणि इथं आत्यानं ती गोष्ट सांगितली जी आजीनं आम्हा नातवंडांना कधी सांगितली नव्हती. आजीचं माहेर घाटाखालचं, कोकणातलं. लग्न होऊन ती वर आली आणि माहेरी जाणं बंदच झालं, कारण शेतीचं काम, पोरं, आणि खाली उतरायचं म्हणजे दोन दिवस मोडायचे. पण महाशिवरात्रीला चोरवण्याकडून कोकणातली माणसं नागेश्वराला चढत, ती आजही चढतात, आणि या बाजूनं खोऱ्यातली माणसं जात. वर्षातून एकदा आजी या गुहेपाशी आपल्या आईला भेटत असे. आई खालून मीठ आणि सुकट आणी, ही वरून नाचणी आणि तुपाची लोटी नेई. रात्रभर दोघी एका कांबळ्यावर बसत. पहाटे आई पश्चिमेला उतरे, लेक पूर्वेला.

"मी एकदा व्हते," आत्या म्हणाली. "मला तिच्या मांडीवर दिलं आन् ह्या दोघी बोलत बसल्या. काय बोलल्या ते मला कळंना. पर आई हसत व्हती. घरी मी तिला तशी हसताना कदी बगितलं न्हवतं."

मग पाणी आलं. नदीपलीकडं जायला वाट राहिली नाही, आणि थोड्याच दिवसांत गावही राहिलं नाही. पनवेलला आल्यावर कोकण खरं तर सडकेनं जवळ आलं होतं. पण ओळखीची वाट नव्हती, गाडीभाडं नव्हतं, आबा मुंबईत ओझी वाहत होते. पणजी पुढं दोन पावसाळे जगली. मायलेकी पुन्हा भेटल्या नाहीत. भूकंपाच्या वेळी आजी नागेश्वराची वाट बुडवली असं का म्हणाली, घर बुडवलं असं का म्हणाली नाही, हे मला त्या गुहेत कळलं.

आमच्यातली धाकटी पोर, अजून शाळेत आहे, तिनं विचारलं की हे कुठं लिहिलेलं आहे का. मी नाही म्हणालो. ती वहीत लिहायला लागली, आणि आत्या तिला एकेक गाव, एकेक ओढा, नदीचा उतार, मेटाचं खळं क्रमानं सांगायला लागली. उंबर की जांभूळ हा प्रश्न तिथंही आलाच. आत्या म्हणाली, दोन्ही होती, आबा उताराच्या या बाजूनं यायचे आणि आई त्या बाजूनं.

उतरायला वेळ लागला. शेवटचा टप्पा भाच्यांनी आत्याला दोन्ही बाजूंनी धरून आणलं. चौकीवर बाटल्या दाखवल्या आणि लाँचमध्ये बसलो. लाँचवाला तिथलाच, त्याचे आजा-आजी याच खोऱ्यातले. पोरं तेलिणीची गोष्ट एकमेकांना सांगत होती ते तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "तेलीण शरण गेलीच न्हाई. शिवरात्रीच्या गर्दीत बायांच्या घोळक्यातनं नागेसरावरनं कोकणात उतरली. आमची आजी सांगायची."

आत्या ताठ बसली. "मग कोठार कुणी जाळलं?"

"तिनंच. गोखल्याच्या हाती दाणा लागू नये म्हणून."

आत्यानं मान हलवली. तिला हे पटलेलं नव्हतं, पण ती विचारात पडली होती. शरण गेल्याचं ग्रँट डफ लिहितो हे मी सांगायला गेलो, तर तिनं मला हातानं गप्प केलं आणि लाँचवाल्याला म्हणाली, "तुझी आजी कुठल्या गावची? पैल्यापासनं सांग."